५१२ बाइट ते ४८ आकडे : न उठणाऱ्या संगणकाची कहाणी

आखातातल्या मराठी घरात देव्हाऱ्याइतकीच हमखास सापडणारी दुसरी वस्तू म्हणजे लॅपटॉप. पासपोर्टच्या प्रती, निवासी व्हिसाचे कागद, मुलांचे शाळेचे दाखले, गावाकडच्या घराचा करारनामा, आईच्या पंच्याहत्तरीचे फोटो असे सारे त्याच्या पोटात असते. पूर्वी हा ऐवज लोखंडी कपाटात असे आणि कपाटाची किल्ली गृहिणीच्या कमरेला. आता कपाट सपाट झाले आहे. त्याची किल्ली नेमकी कुणाच्या कमरेला आहे, याचा विचार मात्र आपण सहसा करीत नाही. तो विचार सुचतो एकाच प्रसंगी : बटण दाबावे, दिवा लागावा, पंखा घुमावा, आणि पडद्यावर काहीच येऊ नये.

अशा वेळी कुणी चार्जर हलवून पाहतो, कुणी यंत्र उलटे करून थोपटतो, कुणी गावी असलेल्या भाच्याला फोन लावतो. हे सगळे अंधारात चाचपडणे आहे. लॅपटॉप सुरू होतो म्हणजे काय होते, आणि ते तसे का होते, याला पाऊणशे वर्षांचा इतिहास आहे. तो समजून घेतला की बिघाडही बराचसा उलगडतो. म्हणून वाचकहो, आज हा इतिहास थोडा सविस्तर पाहू.

स्वतःच्या खांद्यावर चढण्याची विद्या

संगणकाचे मूळ कोडे असे : तो सांगितल्याशिवाय काहीच करीत नाही. डिस्कवरून आज्ञावली वाच, ही सुद्धा एक आज्ञाच. मग ती पहिली आज्ञा त्याला द्यायची कुणी? नट कितीही पटाईत असला तरी त्याला स्वतःच्या खांद्यावर चढता येत नाही, असा दृष्टांत आपल्याकडच्या जुन्या शास्त्रचर्चांत येतो. इंग्रजीत याच अर्थाची कल्पना बुटाच्या मागच्या पट्टीवरून आली आहे. आपल्याच बुटाची पट्टी ओढून स्वतःला वर उचलणे, म्हणजेच अशक्य गोष्ट करणे. त्या पट्टीचे नाव बूटस्ट्रॅप. संगणक सुरू होण्याला ‘बूट होणे’ म्हणतात ते त्यावरूनच.

सुरुवातीला हे कोडे माणसाने हातानेच सोडवले. आयबीएम कंपनीच्या १९५२ सालच्या ७०१ या यंत्रावर ‘लोड’ नावाचे एक बटण होते. ते दाबले की यंत्र छिद्रित कार्डावरून, फितीवरून किंवा ड्रमवरून पहिला शब्द वाची, आणि पुढचे कसे वाचायचे ते त्या पहिल्या तुकड्यातच लिहिलेले असे. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला टिफ्रॅक १९६० मध्ये चालू झाला. पंडित नेहरूंनी त्याला १९६२ साली हे नाव दिले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. अशा यंत्रांत एखादी नळी गेली की सारा कारभार ठप्प. तेव्हाचे यंत्र ‘सुरू होत नाही’ म्हणजे अभियंत्यांनी दिवसभर नळ्या तपासत बसायचे. पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्यांनी यंत्र बांधले तेच त्याच्यासमोर उभे असत, आणि त्यांच्यापासून लपवलेले असे त्या यंत्रात काहीच नव्हते.

१९७५ मध्ये अल्टेअर ८८०० हा घरगुती छंदिष्टांचा संगणक आला. त्याला पडदा नव्हता, कळफलकही नव्हता. पुढच्या बाजूचे खटके एकेक करून वर-खाली करीत पहिल्या आज्ञा हाताने भराव्या लागत. त्याच साली पॉल अ‍ॅलन आपल्या आणि बिल गेट्सच्या बेसिक भाषेचे प्रात्यक्षिक दाखवायला अल्बुकर्कीला निघाले. विमान उतरण्याच्या बेतात असताना त्यांच्या लक्षात आले की सगळे लिहिले, पण ते यंत्रात चढवणारा छोटा आरंभ-कार्यक्रम लिहायचाच राहिला. तो त्यांनी विमानातच कागदावर खरडला. मायक्रोसॉफ्टच्या इतिहासाची सुरुवात अशी बूटस्ट्रॅपच्या कागदानेच झाली म्हणायची.

एका शिट्टीचे आश्वासन

खटक्यांचा हा खटाटोप सामान्य माणसाला परवडणारा नव्हता. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने वैयक्तिक संगणक बाजारात आणला. त्यात आरंभीच्या आज्ञा एका कायमस्वरूपी चिपमध्ये कोरलेल्या होत्या. त्या आज्ञासंचाचे नाव बायॉस. वीज मिळताच बायॉस आधी स्वतःची आणि यंत्राची तपासणी करी. स्मृती आहे का, कळफलक आहे का, पडद्याची व्यवस्था आहे का, हे पाही. सगळे ठीक असेल तर एक छोटीशी शिट्टी वाजे. पडदाच बिघडला असेल तर पडद्यावर तक्रार कशी लिहिणार? म्हणून बिघाडाची भाषा आवाजाची ठेवली होती. आजही अनेक लॅपटॉप शिट्ट्यांच्या किंवा दिव्याच्या उघडझापीच्या संख्येने आपले दुखणे सांगतात. आपण ते मोजत नाही, एवढेच.

तपासणी झाली की बायॉस आधी फ्लॉपीकडे आणि मग हार्ड डिस्ककडे वळे. तिच्या अगदी पहिल्या कप्प्यातले ५१२ बाइट उचलून तो सारी सूत्रे त्यांच्या हाती देई. ते ५१२ बाइट पुढच्या मोठ्या कार्यक्रमाला हाक मारत, आणि तो डॉसला किंवा पुढे विंडोजला उठवी. म्हणजे ही एक साखळी आहे : वीज, बायॉस, ५१२ बाइट, प्रणाली. एकाने दुसऱ्याला उठवायचे आणि बाजूला व्हायचे. पहाटे काकड आरतीला वाड्यातली मंडळी एकमेकांना उठवत जावीत, तसे.

या रचनेत एक भाबडेपणा होता. बायॉस त्या ५१२ बाइटांच्या शेवटी ठरावीक खूण आहे की नाही एवढेच पाही. आत लिहिले आहे काय, ते कुणी लिहिले, हे तो विचारीत नसे.

लाहोर आणि मंगळवार पेठ

या भाबडेपणाचा फायदा उठवणारा ‘ब्रेन’ हा विषाणू १९८६ मध्ये लाहोरच्या बासित आणि अमजद फारुक अल्वी या दोघा भावांनी लिहिला. तो फ्लॉपीच्या त्याच पहिल्या कप्प्यात बसे. गंमत म्हणजे त्यात भावांनी आपले नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांकही लिहून ठेवला होता. आयबीएमच्या जातीच्या संगणकांवरचा तो पहिला विषाणू मानला जातो. पुढे १९९१ मध्ये ‘मायकेलअँजेलो’ आढळला. हा वर्षभर गप्प राही आणि ६ मार्चला, म्हणजे त्या चित्रकाराच्या जन्मदिवशी, डिस्कचा आरंभीचा भाग पुसून टाकी. १९९२ च्या मार्चमध्ये त्याने जगभर धास्ती निर्माण केली.

त्या काळी संगणक वापरलेल्यांना आठवत असेल, आदल्या दिवशीची फ्लॉपी यंत्रात विसरायची आणि सकाळी ‘नॉन सिस्टिम डिस्क’ असा निरोप यायचा. फ्लॉपी काढून कळ दाबली की यंत्र मुकाट सुरू होई, आणि आपण हसून कामाला लागू. पण तेवढ्यात त्या फ्लॉपीचा पहिला कप्पा वाचला गेलेला असे. त्यात मायकेलअँजेलोसारखा विषाणू असला तर तो हार्ड डिस्कवर जाऊन बसलेला असे. यंत्र ‘न उठण्याचा’ तो क्षुल्लक प्रसंग हाच रोगाचा प्रवेशमार्ग होता.

याच रोगातून पुण्यात एक उद्योग उभा राहिला. मूळचे सातारा जिल्ह्यातले कैलाश काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्त करणाऱ्या दुकानात नोकरीला लागले. पुढे त्यांनी पंधरा हजार रुपयांच्या भांडवलावर मंगळवार पेठेत स्वतःचे दुरुस्तीचे दुकान थाटले आणि संगणक दुरुस्तीकडे वळले. दुरुस्तीला येणाऱ्या कित्येक यंत्रांत मोडलेले काहीच नसे, विषाणू असे. धाकटे बंधू संजय यांचे संगणकाचे शिक्षण चालू होते. त्यांनी या विषाणूंवर उतारे लिहायला सुरुवात केली, आणि त्यातूनच १९९५ मध्ये ‘क्विक हील’ बाजारात आले. कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस या नावाच्या त्या कंपनीने २००७ मध्ये क्विक हील टेक्नॉलॉजीज हे नाव घेतले आणि २०१६ मध्ये ती शेअर बाजारात उतरली. पदवी नसलेल्या एका दुरुस्तीवाल्याने ग्राहकाचे यंत्र उघडून, नेमके कुठे अडते ते पाहून हे साधले. मोडलेल्या वस्तूकडे लक्ष देऊन पाहणे ही सुद्धा एक विद्याच आहे, हे आपल्या पदवीवेड्या समाजाने विसरू नये.

आखाताला बसलेला चटका

आपल्या या भागानेही हा अनुभव घेतला, आणि तो फार मोठा होता. १५ ऑगस्ट २०१२ रोजी, रमझानच्या शेवटच्या दिवसांत, बरेच कर्मचारी सुटीवर असताना सौदी अरामको या तेल कंपनीच्या संगणकांवर ‘शमून’ नावाच्या घातक कार्यक्रमाने हल्ला केला. सुमारे ३०,००० संगणकांवरची माहिती पुसली गेली आणि डिस्कचा तो आरंभीचा कप्पाही खरवडला गेला. यंत्रे होती तशीच मेजांवर होती, पण उठायला तयार नव्हती. तेल काढण्याची यंत्रणा वेगळ्या जाळ्यावर असल्याने उत्पादन चालू राहिले. कचेरीचा कारभार मात्र टंकलेखन यंत्र आणि फॅक्सवर आला. पाठोपाठ कतारमधील रासगॅस कंपनीलाही अशाच हल्ल्याला तोंड द्यावे लागले. १९८१ मध्ये ठेवलेला एक भाबडा विश्वास एकतीस वर्षांनी आखाताच्या ऐन कण्यावर असा घाव घालून गेला.

यावरचा उपाय तोवर तयार होत आला होता. जुन्या बायॉसच्या जागी यूईएफआय ही नवी व्यवस्था आली. तिचे मानक सांभाळणारा मंच २००५ मध्ये स्थापन झाला. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये विंडोज ८ बरोबर ‘सिक्युअर बूट’ सर्वत्र पसरू लागले. आता पुढच्याला उठवण्याआधी त्याची स्वाक्षरी तपासली जाते. अनोळखी असेल तर दार उघडत नाही. दुसरीकडे २००७ च्या विंडोज व्हिस्टापासून बिटलॉकर आले. ते सारी डिस्कच कुलूपबंद करते, आणि किल्ली यंत्रातल्या एका सुरक्षा-चिपमध्ये राहते. रोज ही चिप निमूटपणे कुलूप उघडते, म्हणून कुलूप आहे हेच आपल्याला कळत नाही. पण आरंभाच्या साखळीत तिला काही वेगळे दिसले, मदरबोर्ड बदलला किंवा बायॉसची नवी आवृत्ती चढवली, तर ती अडून बसते आणि ४८ आकडी किल्ली मागते.

चोरापासून यंत्र सुरक्षित झाले. त्याचबरोबर मालकालाही दारात उभे राहून आपली ओळख पटवण्याची पाळी आली.

१९ जुलै २०२४

त्या शुक्रवारी काय घडले हे अजून अनेकांना आठवत असेल. क्राउडस्ट्राइक या अमेरिकन सुरक्षा कंपनीने आपल्या ग्राहकांच्या विंडोज संगणकांवर एक छोटी अद्ययावत फाइल पाठवली. अमिरातीच्या घड्याळात तेव्हा सकाळचे ८ वाजून ९ मिनिटे झाली होती. चूक लक्षात येऊन ९ वाजून २७ मिनिटांनी ती मागे घेतली गेली. मधल्या ७८ मिनिटांत जी यंत्रे चालू आणि जोडलेली होती, ती कोसळली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे जगभरात ८५ लाख.

कारण ऐकले तर हसावे की रडावे कळत नाही. कार्यक्रमाचा एक भाग २१ बाबी तपासू पाहत होता, आणि त्याला पुरवल्या जात होत्या २०. एकविसावी शोधायला तो स्मृतीच्या हद्दीबाहेर गेला आणि विंडोजने मान टाकली, पडदा निळा झाला. हा पहारेकरी प्रणालीच्या गाभ्यात, अगदी आरंभीच जागा होणारा. त्यामुळे यंत्र पुन्हा सुरू केले की तो पुन्हा जागा होई, तीच फाइल वाची आणि पुन्हा कोसळे. कुंपणानेच शेत खाल्ले म्हणतात ते हेच.

दुबई विमानतळाच्या टर्मिनल १ आणि २ मध्ये काही विमान कंपन्यांची चेक-इन व्यवस्था अडली. त्यांनी पर्यायी यंत्रणा वापरून काम पुढे नेले. अमिरातीच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या काही सेवा बाधित झाल्या. त्यात कागदपत्रांच्या साक्षांकनाची सेवाही होती. भारतात काही प्रवाशांच्या हाती पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास पडले.

उपाय तसा सोपा होता. यंत्र सेफ मोडमध्ये सुरू करायचे आणि ती सदोष फाइल पुसायची. दोन मिनिटांचे काम. पण न उठणाऱ्या यंत्राला दुरून आज्ञा देता येत नाही. प्रत्येक यंत्रासमोर माणसाने जाऊन बसणे आले. आणि बिटलॉकर असेल तर सेफ मोडच्या दारातच ४८ आकडे मागितले जात. काही ठिकाणी त्या किल्ल्यांची यादी ज्या सर्व्हरवर होती, तोच बंद पडलेला! तिजोरीची किल्ली तिजोरीतच राहिल्यासारखे झाले. घरगुती लॅपटॉप या प्रकरणात सापडले नाहीत, कारण हे संरक्षण मुख्यतः संस्था घेतात. धडा मात्र घरालाही लागू आहे.

हवा, पाणी आणि विमानतळ

अमिरातीतले सगळेच बिघाड एवढे भारदस्त नसतात. इथला उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो. उन्हात उभ्या गाडीत विसरलेल्या लॅपटॉपची बॅटरी लवकर म्हातारी होते, कधी फुगतेही. बारीक धूळ पंख्यात बसते, आणि यंत्र तापून आपोआप बंद होते. १६ एप्रिल २०२४ च्या पावसात अल ऐन भागातल्या खत्म अल शकला येथे एका दिवसापेक्षा कमी वेळात २५४ मिलिमीटर पाणी पडले. १९४९ पासूनच्या नोंदींतला हा उच्चांक. अशा वेळी भिजलेले यंत्र ‘चालते का ते बघू’ म्हणून सुरू करणे हाच सर्वांत मोठा अपघात. पाण्यापेक्षा पाण्यातून वाहणारी वीज अधिक नुकसान करते. तांदळाच्या डब्यात ठेवूनही आतले क्षार जात नाहीत. लगेच बंद करावे, चार्जर काढावा आणि उघडून स्वच्छ करवून घ्यावे.

न उठणाऱ्या लॅपटॉपचा संशय विमानतळावरही आला. जुलै २०१४ मध्ये अमेरिकेने ठरवले की परदेशातल्या काही विमानतळांवरून येणाऱ्या प्रवाशाला उपकरण सुरू करून दाखवायला सांगता येईल, आणि सुरू न होणारे विमानात नेता येणार नाही. मार्च २०१७ मध्ये तर दुबई आणि अबू धाबीसह दहा विमानतळांवरून अमेरिकेला जाताना केबिनमध्ये लॅपटॉपलाच बंदी झाली. या दोन शहरांपुरती ती जुलैच्या पहिल्या आठवड्यात उठली.

साखळी वाचायची कशी

आता इतिहासाचा उपयोग. साखळीची कुठली कडी तुटली हे यंत्र स्वतःच सांगते.

दिवाच लागत नसेल तर प्रश्न विजेचा. इथले चौकोनी पिनांचे सॉकेट आणि भारतातून आणलेला गोल पिनांचा चार्जर यांच्यामधला ढिला अ‍ॅडॅप्टर हा नेहमीचा गुन्हेगार. थेट भिंतीत बसणारा, त्याच क्षमतेचा चार्जर लावून पाहावा. नाहीच तर चार्जर काढून बटण अर्धा मिनिट दाबून धरावे, आणि मग पुन्हा लावावा.

दिवा आणि पंखा चालू, पण पडदा काळा असेल तर बायॉसच्या तपासणीच्या आसपास अडले आहे, किंवा नुसता पडदाच गेला आहे. अंधारात पडद्यावर विजेरी तिरपी धरावी. अंधुक चित्र दिसले तर यंत्र उठलेले आहे, फक्त मागचा उजेड गेला आहे. टीव्हीला जोडूनही हे कळते. शिट्ट्या किंवा दिव्याची उघडझाप मोजून उत्पादकाच्या माहितीपत्रकात अर्थ पाहावा.

कंपनीचे चिन्ह येऊन ‘डिस्क सापडत नाही’ असा निरोप आला, तर आधी लावलेला पेन ड्राइव्ह काढावा. विसरलेल्या फ्लॉपीचा हा नातूच! मग यूईएफआयच्या पानावर डिस्कचे नाव दिसते का ते पाहावे. दिसत नसेल, किंवा डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर पुन्हा पुन्हा सुरू करू नये. प्रत्येक प्रयत्नात फोटो वाचण्याची शक्यता कमी होते.

विंडोजचे चक्र फिरते आणि यंत्र परत सुरू होते, असे चालले असेल तर यंत्र धड आहे, दोष प्रणालीत आहे. सुरू होताना बटण दाबून दोन-तीन वेळा मध्येच बंद केले की दुरुस्तीचा पडदा येतो. तिथे आधी आरंभ-दुरुस्ती, मग नुकतीच आलेली अद्ययावत आवृत्ती काढणे, मग सेफ मोड, हा क्रम ठेवावा. ‘रीसेट’ हे सर्वांत शेवटी, आणि तेही माहितीची प्रत हाती असेल तरच. दुरुस्तीवाल्याकडे देतानाही हेच आधी बजावून सांगावे.

किल्ली कुणाच्या कमरेला?

आणि निळ्या पडद्यावर ४८ आकडे मागितले गेले, तर दुरुस्तीचे कौशल्य संपले. बर दुबईच्या अल ऐन सेंटरमधला पटाईत कारागीरही तिथे हात टेकतो. किल्ली नसेल तर डिस्क धडधाकट असूनही माहिती गेली. घरच्या यंत्राची किल्ली बहुधा ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने ते प्रथम सुरू केले, त्या खात्यात असते. ते खाते कुणाचे? आपले, की परदेशी शिकायला गेलेल्या मुलाचे? जुना लॅपटॉप घेतला असेल तर आधीच्या मालकाचे?

सर्वांत नाजूक प्रश्न कचेरीच्या लॅपटॉपचा. आपल्यापैकी कित्येकांच्या घरात वेगळा संगणक नसतो. कंपनीच्याच यंत्रात मुलांचे दाखले, गावच्या जमिनीचे उतारे आणि कुटुंबाचे फोटो साठत जातात. त्याची किल्ली कंपनीच्या संगणक विभागाकडे असते, आणि ते योग्यही आहे, कारण यंत्र कंपनीचे आहे. इथे नोकरी संपली की व्हिसाची मुदत मोजणे सुरू होते आणि लॅपटॉप जमा करावा लागतो. खाते बंद होते ते त्याच दिवशी. ज्या दिवशी कागदांची सर्वाधिक गरज, नेमक्या त्याच दिवशी कपाट परक्याचे होते.

टिफ्रॅकपुढे उभ्या अभियंत्यापासून आज निळ्या पडद्यापुढे बसलेल्या आपल्यापर्यंत ही साखळी एकेक कडीने लांबत आली. प्रत्येक कडी कुठल्या ना कुठल्या खऱ्या संकटातून जोडली गेली. लाहोरच्या विषाणूने आणि अरामकोच्या पुसलेल्या डिस्कांनीच कुलपांची गरज पटवली. तेव्हा कुलूप काढून टाका असे कुणी शहाणा सांगणार नाही. पण येत्या सुटीत एक तास काढावा. आपल्या खात्यात जाऊन ते ४८ आकडे शोधावेत, कागदावर उतरवून पासपोर्टांच्या पाकिटात ठेवावेत. घरचे कागद आणि फोटो कंपनीच्या यंत्रातून काढून स्वतःच्या डिस्कवर घ्यावेत, आणि एक प्रत भारतात विश्वासाच्या माणसाकडे ठेवावी. आणि हे सारे कुठे आहे ते घरातल्या दुसऱ्या माणसालाही ठाऊक असू द्यावे. पूर्वी कपाटाची किल्ली कुठे असते हे घरात निदान दोघांना माहीत असायचे. ती पद्धत चांगली होती.